विश्लेषण : ट्रक चाकणच्या रस्त्यावर, ठिपका मात्र शेजारच्या शेडमध्ये... आकाशाचे मॉडेल कुठे कमी पडते?

समजा, ऑक्टोबरमधील एखादी संध्याकाळ. सुट्या भागांनी भरलेला ट्रक तळेगाव चौकातील कोंडीत उभा आहे. कारखान्याच्या लॉजिस्टिक विभागातील पडद्यावर मात्र त्याचा ठिपका रस्ता सोडून शेजारच्या शेडमध्ये शिरतो, थोड्या वेळाने पुन्हा रस्त्यावर येतो. चालकाने तर गाडी जागची हलवलेलीही नाही. अशा चुकीमागे पत्र्याच्या शेडवर आपटून येणारे संकेत हे एक कारण असतेच. दुसरे कारण मात्र जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर, आयनांबर म्हणजेच आयनोस्फिअर या थरात असते. हा थर उपग्रहाच्या संकेताला किती उशीर करील, याचा अंदाज ट्रॅकरमधील गणिती मॉडेल बांधते आणि ते मॉडेल सरासरीवर चालते. आजचे आयनांबर कसे आहे, हे सांगू शकतात ती रडार आणि तत्सम उपकरणांची मोजमापे. या दोहोंची तुलना शास्त्रज्ञ का करतात, त्यात काय आढळते आणि चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्याशी त्याचा संबंध काय, याविषयी...

आयनांबर म्हणजे काय?

साधारण ६० किलोमीटर उंचीपासून वर सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणे हवेतील रेणू व अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. अशा सुट्या इलेक्ट्रॉनचे प्रमाण जिथे लक्षणीय असते तो भाग म्हणजे आयनांबर. त्याचे डी, ई आणि एफ असे थर मानले जातात. सूर्य मावळला की खालचे थर विरत जातात. वरचा एफ थर मात्र रात्रभर टिकतो. भारतासारख्या प्रदेशावर इलेक्ट्रॉनची सर्वाधिक दाटी साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवर आढळते. ही दाटी दिवसाची वेळ, ऋतू, सूर्यावरील डागांचे साधारण ११ वर्षांचे चक्र आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या सगळ्यांवर अवलंबून असते. म्हणून काल दुपारी दोन वाजता जे आयनांबर होते तेच आज दुपारी दोन वाजता असेल, याची खात्री नसते.

उपग्रहाच्या संकेताला किती उशीर होतो?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, तर नाविकचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवरून संकेत पाठवतात. संकेत किती वेळात पोहोचला यावरून रिसीव्हर अंतर काढतो. वाटेत इलेक्ट्रॉन भेटले की संकेत रेंगाळतो आणि उपग्रह आहे त्यापेक्षा दूर असल्याचे रिसीव्हरला वाटते.

हा उशीर मोजण्यासाठी एक चौरस मीटर पायाचा, रिसीव्हरपासून उपग्रहापर्यंत जाणारा काल्पनिक स्तंभ विचारात घेतात. त्यातील एकूण इलेक्ट्रॉनच्या संख्येला टीईसी म्हणतात. एकावर १६ शून्ये इतके इलेक्ट्रॉन म्हणजे एक टीईसी एकक. जीपीएसच्या नेहमीच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर एक एकक म्हणजे अंतरात सुमारे १६ सेंटिमीटरची चूक. नाविकच्या एल-५ पट्ट्यात ती सुमारे २९ सेंटिमीटर, तर एस पट्ट्यात साडेसहा सेंटिमीटर. टीईसी ६० एकके असेल, तर डोक्यावरील जीपीएस उपग्रहाच्या अंतरात जवळपास पावणेदहा मीटरची भर पडते. क्षितिजाजवळच्या उपग्रहाचा संकेत आयनांबरातून तिरका येत असल्याने त्याचा उशीर याच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

अर्थात, अंतरातील दहा मीटरची चूक म्हणजे नकाशावर दहा मीटरची चूक नव्हे. सगळ्या उपग्रहांच्या संकेतांना सारखाच उशीर झाला, तर रिसीव्हर ती चूक स्वतःच्या घड्याळाच्या खात्यावर टाकतो आणि ठिपका फारसा हलत नाही. खरी अडचण येते ती एका दिशेच्या उपग्रहांना कमी आणि दुसऱ्या दिशेच्या उपग्रहांना जास्त उशीर होतो तेव्हा. चाकणच्या आकाशात नेमके हेच घडते. त्याचे कारण पुढे येईल.

मॉडेल काय सांगते?

एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या साध्या रिसीव्हरमध्ये बहुधा क्लोबुचर मॉडेल वापरले जाते. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेतील जॉन क्लोबुचर यांनी ते तयार केले. जीपीएस उपग्रह त्यासाठी फक्त आठ आकडे प्रसारित करतात. त्यांवरून मॉडेल एक साधी आकृती मांडते : रात्री पाच नॅनोसेकंदांचा, म्हणजे दीड मीटरचा, स्थिर उशीर आणि दिवसा दुपारी दोन वाजता माथा गाठणारा एक फुगवटा. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर ते सरासरीने निम्मी चूक कमी करते. १९७० आणि ८०च्या दशकातील रिसीव्हरची गणनक्षमता पाहता हे मोठेच काम होते. पण उरलेली निम्मी चूक तशीच राहते.

संशोधनात वापरले जाणारे प्रमुख मॉडेल म्हणजे इंटरनॅशनल रेफरन्स आयनोस्फिअर, अर्थात आयआरआय. कॉस्पार आणि उर्सी या दोन आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस हा प्रकल्प हाती घेतला. जगभरातील आयनोसोंड, रडार, अग्निबाण आणि उपग्रह यांची मोजमापे एकत्र करून ते बांधले गेले आणि तेव्हापासून त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत आहेत. ठिकाण, तारीख आणि वेळ दिली की ते इलेक्ट्रॉनची घनता, तापमान अशी माहिती देते. पण ही माहिती त्या महिन्याच्या सरासरीची असते. पुण्यात जुलैमध्ये सरासरी किती पाऊस पडतो, हे माहीत असले तरी आज छत्री न्यावी का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. तसेच हे आहे.

दुसऱ्या प्रकारची मॉडेल भौतिकशास्त्राच्या समीकरणांतून आयनांबर उभे करतात. सूर्याची किरणे, वरच्या थरांतील वारे आणि विद्युतक्षेत्र दिले की इलेक्ट्रॉन कुठे जातील हे ती काढतात. त्यांची अडचण अशी की वारे आणि विद्युतक्षेत्र यांची माहितीच अपुरी असेल, तर उत्तरही त्याच दर्जाचे मिळते.

रडार काय मोजते?

सर्वांत जुने साधन म्हणजे आयनोसोंड. हे एक प्रकारचे रडारच. ते साधारण १ ते २० मेगाहर्ट्झ दरम्यान वारंवारता बदलत सरळ वर रेडिओ स्पंद सोडते. ज्या उंचीवर इलेक्ट्रॉनची दाटी पुरेशी असते तिथून तो स्पंद परत फिरतो. ३०० किलोमीटरवरून परतायला त्याला साधारण दोन हजारांश सेकंद लागतात. वारंवारता वाढवत नेली की एका टप्प्यानंतर स्पंद परत न येता आरपार निघून जातो. त्या टप्प्यावरून कमाल घनता कळते. एका घनमीटरमध्ये एकावर १२ शून्ये इतके इलेक्ट्रॉन असतील, तर हा टप्पा सुमारे ९ मेगाहर्ट्झवर येतो.

आयनोसोंडची मर्यादाही इथेच आहे. कमाल घनतेच्या वर काय आहे ते त्याला दिसत नाही आणि एकूण इलेक्ट्रॉनपैकी निम्म्याहून अधिक बहुधा त्या वरच्या भागातच असतात. तो भाग पाहण्यासाठी इन्कोहेरंट स्कॅटर रडार लागते. ते अतिशय शक्तिशाली संकेत सोडून इलेक्ट्रॉनकडून विखुरला जाणारा क्षीण प्रतिसाद टिपते. पेरू देशातील लिमाजवळचे हिकामार्का रडार या प्रकारातले. चुंबकीय विषुववृत्ताजवळ, ३०० मीटर लांब आणि तितक्याच रुंद जागेत पसरलेल्या त्याच्या अँटेनात १८,४३२ द्विध्रुव आहेत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते आयनांबराची मोजमापे देत आले आहे.

भारतात तिरुपतीजवळील गादंकी येथे राष्ट्रीय वातावरणीय संशोधन प्रयोगशाळेचे एमएसटी रडार आहे. ५३ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या या रडारात १,०२४ यागी अँटेना आहेत. मुळात वातावरणाच्या खालच्या व मधल्या थरांच्या अभ्यासासाठी उभारलेल्या या रडारला दिवसा सुमारे १५० किलोमीटर उंचीवरूनही प्रतिध्वनी मिळतात. या प्रतिध्वनींवरून आयनांबर किती वेगाने वर उचलले जात आहे हे काढता येते. महाराष्ट्रात कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे १.९८ मेगाहर्ट्झचे रडार आहे. ते आयनांबराच्या तळाशी, साधारण ८० ते ९८ किलोमीटर उंचीवर, वारे कोणत्या दिशेने व किती वेगाने वाहतात ते मोजते.

तुलना करतात म्हणजे नेमके काय करतात?

चाकणच्या वाहन उद्योगातील अभियंत्यांना ही पद्धत नवी नाही. गाडीच्या धडकेचे सिम्युलेशन संगणकावर आधी होते, मग प्रत्यक्ष गाडी आदळवून पाहतात आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवतात. ते जुळले तरच पुढच्या डिझाइनसाठी सिम्युलेशनवर भरवसा ठेवता येतो. आयनांबराबाबतही हेच करतात. फरक इतकाच की इथे चाचणी मागवता येत नाही, आकाश जे दाखवील ते टिपावे लागते.

पहिली पायरी म्हणजे दोन्हींना एकाच भाषेत आणणे. रडार देते प्रतिध्वनीची वेळ आणि तीव्रता, मॉडेल देते घनता. आयनोसोंडची उंची ही आभासी उंची असते, कारण स्पंद आयनांबरात शिरल्यावर मंदावतो. तिचे खऱ्या उंचीत रूपांतर करावे लागते. दुसरी पायरी म्हणजे ठिकाण, वेळ आणि सूर्याची सक्रियता जुळवणे. तिसरी पायरी फरक मोजणे. तो दोन प्रकारे मोजतात. मॉडेल सतत एकाच बाजूला झुकते का, हा पहिला प्रश्न. रोजच्या रोज ते किती हुकते, हा दुसरा. एका दिवशी २० एकके जास्त आणि दुसऱ्या दिवशी २० एकके कमी सांगणारे मॉडेल सरासरीत अचूक ठरेल. त्या दोन्ही दिवशी रस्त्यावर असलेल्या ट्रकला मात्र त्या सरासरीचा उपयोग नाही.

आणखी एक पथ्य पाळावे लागते. ज्या मोजमापांवरून मॉडेल बांधले, त्याच मोजमापांशी ते ताडून पाहिले तर ती परीक्षा ठरत नाही. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असते. म्हणून मॉडेलने न पाहिलेले दिवस किंवा न पाहिलेले ठिकाण निवडावे लागते. शिवाय रडारचा शब्दही अंतिम नसतो. प्रतिध्वनींचे वाचन संगणकाने आपोआप केले, तर थर एकमेकांत मिसळलेल्या दिवशी तेही चुकते. त्यामुळे तफावत दिसली की दोष कोणाचा, हे आधी तपासावे लागते.

भारतावरील आयनांबर वेगळे कसे?

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेली आणि थुंबाच्या परिसरातून जाते. तिथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जवळपास आडवे असते. दिवसा पूर्वेकडे रोखलेले विद्युतक्षेत्र आणि हे आडवे चुंबकीय क्षेत्र मिळून इलेक्ट्रॉन आणि आयनांना वर उचलतात. पुरेशा उंचीवर गेल्यावर ते चुंबकीय रेषांवरून उत्तर व दक्षिण अशा दोन्ही बाजूंना घरंगळतात. कारंज्याचे पाणी वर उडून बाजूला पडावे तसे. याचा परिणाम असा की सर्वाधिक दाटी विषुववृत्तावर न राहता दोन्ही बाजूंना साधारण १५ चुंबकीय अंशांवर साचते. ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड अॅपलटन यांनी १९४६ मध्ये या विसंगतीकडे लक्ष वेधले.

भारतात हा उत्तरेकडील उंचवटा साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात येतो. चाकण, पुणे, मुंबई हा भाग विषुववृत्त आणि उंचवटा यांच्या मधल्या चढणीवर आहे. कारंजे जोरात असेल तर उंचवटा उत्तरेकडे सरकतो, मंद असेल तर दक्षिणेकडे आणि फिकट. म्हणजे चाकणहून उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या उपग्रहांचे संकेत वेगवेगळ्या दाटीतून येतात. उदाहरणादाखल, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ६० एकके असतील, तर सरळ उभ्या मार्गातील उशीर अनुक्रमे सुमारे पाच आणि पावणेदहा मीटर होतो. हा फरक घड्याळाच्या खात्यावर टाकता येत नाही. तो ठिपक्याला जागेवरून हलवतो. क्लोबुचर मॉडेलच्या एका साध्या फुगवट्यात अशा दोन उंचवट्यांना जागाच नाही.

यात अलिबागचा संबंध काय?

कारंज्याचा जोर रोज मोजायचा, तर रडार सतत चालू ठेवणे महागडे आणि अवघड असते. त्यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला मार्ग अलिबागमधून जातो. चुंबकीय विषुववृत्तावर सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर दिवसा पूर्वेकडे विजेचा एक अरुंद, प्रबळ प्रवाह वाहतो. जे विद्युतक्षेत्र कारंजे उडवते तेच या प्रवाहालाही चालना देते. तिरुनेलवेलीचे चुंबकमापक थेट या प्रवाहाखाली येते, अलिबागचे त्याच्या पट्ट्याबाहेर. सौर वादळासारखे जगभर होणारे बदल दोन्ही ठिकाणी नोंदले जातात. म्हणून तिरुनेलवेलीच्या नोंदीतून अलिबागची नोंद वजा केली की मुख्यतः त्या प्रवाहाचा परिणाम उरतो आणि त्यावरून कारंज्याचा अंदाज येतो. अशा चुंबकीय फरकावरून खरोखर वेग काढता येतो का, हे पेरूमध्ये रडारच्या मोजमापांशी ताडून पाहिले गेले. भारतातही गादंकीच्या रडारमुळे अशी पडताळणी शक्य झाली.

अलिबागची वेधशाळा चाकणच्या जवळपास त्याच अक्षांशावर, सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर पश्चिमेला आहे. ती तिथे गेली तीही एका औद्योगिक बदलामुळे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ मधील विख्यात सौर वादळात चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची तिथली नोंद आजही जगभर वापरली जाते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे लक्षात घेऊन हे काम १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आले. पुढे कुलाबा-अलिबागचा हा वारसा १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आला. तिचे मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे.

तुलनेत काय आढळले?

पहिली गोष्ट म्हणजे एका खंडावरील माहितीतून बांधलेले मॉडेल दुसऱ्या खंडावर तसेच्या तसे लागू पडत नाही. आयनांबर किती वेगाने वर-खाली होते, याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले शेर्लिस-फेयर मॉडेल प्रामुख्याने हिकामार्का रडार आणि एका उपग्रहाच्या माहितीवर उभे आहे. पण पेरूमध्ये चुंबकीय विषुववृत्त भौगोलिक विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, भारतात ते उत्तरेला आहे. चुंबकीय क्षेत्राची ताकद आणि वाऱ्यांची दिशाही वेगळी. त्यामुळे भारतीय आकाशासाठी भारतीय रडारची मोजमापे लागतात.

दुसरी गोष्ट, सूर्य शांत असला म्हणजे आयनांबरही मॉडेलप्रमाणे वागेल असे नाही. २००८ मध्ये सौर सक्रियता फारच मंदावली होती. त्या वर्षी सोडलेल्या सी/नॉफ्स या अमेरिकी उपग्रहाला रात्रीच्या वेळी आयनांबराची वरची हद्द सुमारे ४२० किलोमीटरवर आढळली. अपेक्षा होती सुमारे ६४० किलोमीटरची.

तिसरा प्रकार सर्वांत विलक्षण. जानेवारी २००९ मध्ये आर्क्टिकवरील स्थितांबरात अचानक मोठी तापमानवाढ झाली. सूर्यावर विशेष काही घडत नव्हते. तरीही हजारो किलोमीटर दूर असलेल्या हिकामार्का रडारने आयनांबराच्या हालचालीत मोठा बदल टिपला. सकाळी ते नेहमीपेक्षा जोराने वर जात होते आणि दुपारी उलट खाली येत होते. सरासरीवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये अशा घटनेची सोय नव्हती. आयनांबराला सूर्य वरून चालवतो तसे हवामानही खालून ढकलते, हे यातून ठळक झाले. कोल्हापूरसारख्या ठिकाणी ८०-९० किलोमीटरवरचे वारे मोजण्याचे महत्त्वही त्यामुळेच आहे. खालून वर जाणाऱ्या लाटा तिथूनच आयनांबरात शिरतात.

सूर्यास्तानंतर काय बिघडते?

सूर्य मावळताना आयनांबर थोड्या वेळासाठी आणखी वेगाने वर उचलले जाते. खालचा थर विरलेला आणि वर दाट थर, अशी अस्थिर रचना तयार होते. मग कमी घनतेचे मोठे बुडबुडे खालून वर घुसतात. हे प्लाझ्मा बुडबुडे रुंदीला दहा ते शेकडो किलोमीटर असू शकतात आणि बहुधा पूर्वेकडे सरकत जातात. त्यांच्यातून येणारा उपग्रहाचा संकेत तारा लुकलुकावा तसा कमी-जास्त होतो. कधी रिसीव्हरच्या हातून उपग्रहच सुटतो. भारतात हे प्रकार मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास आणि सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत अधिक होतात. सध्याच्या पंचविसाव्या सौरचक्राने कमाल सक्रियतेचा टप्पा गाठल्याचे नासा आणि नोआ यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले होते.

कोणत्या महिन्यात बुडबुड्यांची शक्यता जास्त हे मॉडेल सांगू शकते. आज संध्याकाळी ते होतील का, हे आधी सांगणे अजूनही कठीण आहे. इथे प्रत्यक्ष निरीक्षणाला पर्याय उरत नाही. रडारवर हे बुडबुडे पिसाऱ्यासारखे वर चढताना दिसतात. कोल्हापूरमधून ६३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या मंद लाल प्रकाशात आकाशाची छायाचित्रे घेतली जातात. त्यात ते काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात.

पुणे-नाशिक महामार्गाने चाकणहून पुढे गेल्यावर नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी दुर्बीण लागते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेल्या या रेडिओ दुर्बिणीला आयनांबर म्हणजे अडथळा. पण आयआयटी इंदूरच्या संशोधकांनी याच अडथळ्याला मोजमाप बनवले. दूरच्या रेडिओ स्रोताचा संकेत वेगवेगळ्या अँटेनांवर किती वेगळ्या प्रकारे पोहोचतो, यावरून त्यांनी टीईसीतील फरक एका एककाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपता येतो हे दाखवले. सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आयनांबर कसे बदलते हे त्यातून कळते.

मग यावर तोडगा काय?

पहिला मार्ग दोन वारंवारता वापरण्याचा. उशीर वारंवारतेनुसार ठरलेल्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे दोन वारंवारतांवरील फरकातून तो थेट काढता येतो आणि मॉडेलची गरजच उरत नाही. नाविक मुळात एल-५ आणि एस या दोन पट्ट्यांवर चालते. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल-१ पट्ट्याचीही भर पडली. पण ट्रकमध्ये बसवले जाणारे स्वस्त ट्रॅकर अनेकदा एकाच वारंवारतेवर चालतात आणि बुडबुड्यांनी संकेत तुटला, तर दुसरी वारंवारताही फारशी मदत करत नाही.

दुसरा मार्ग गगन यंत्रणेचा. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उभारलेल्या या यंत्रणेची १५ संदर्भ केंद्रे देशभर आहेत. त्यात नागपूर आणि गोव्याचाही समावेश आहे. ही केंद्रे उशीर प्रत्यक्ष मोजतात आणि दुरुस्ती उपग्रहामार्फत प्रसारित होते. विमानांसाठीच्या या यंत्रणेला ३० डिसेंबर २०१३ रोजी पहिले आणि २१ एप्रिल २०१५ रोजी पुढच्या टप्प्याचे प्रमाणपत्र मिळाले. दुरुस्ती पाच अंशांच्या जाळीवर दिली जाते. म्हणजे मुंबई, पुणे, चाकण, कोल्हापूर आणि गोवा एकाच चौकोनात येतात. आयनांबर ३५० किलोमीटरवरील एक पातळ कवच आहे असे मानण्याची पाश्चात्त्य देशांतील पद्धत भारताच्या चढउताराच्या आकाशाला अपुरी पडते. म्हणून इस्रोने त्यासाठी अनेक थर विचारात घेणारे स्वतःचे मॉडेल विकसित केले. गगन विमानाला एक महत्त्वाची गोष्ट आणखी सांगते : दुरुस्तीवर किती भरवसा ठेवावा, याची मर्यादा. ती मर्यादा ठरवताना मॉडेल आणि मोजमाप यांतील तफावतच कामी येते.

तिसरा मार्ग हवामान खाते वापरते तो. मॉडेल चालू असतानाच ताजी मोजमापे त्यात मिसळत राहायची. आयआरआयलाही आयनोसोंडच्या ताज्या नोंदींनी दुरुस्त करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. मात्र त्यासाठी उपकरणे पुरेशी जवळजवळ असावी लागतात आणि नोंदी तातडीने मिळाव्या लागतात.

चाकणने याची फिकीर का करावी?

आज ठिपका दहा मीटर सरकला, तर लॉजिस्टिक विभागातून चालकाला एखादा फोन जातो, इतकेच. पण ठिपक्यावर टाकल्या जाणाऱ्या जबाबदाऱ्या वाढत आहेत. प्रवासी वाहनांतील ट्रॅकरसाठी एआयएस-१४० हे मानक लागू आहे. कारखान्याच्या फाटकाभोवती आखलेली अदृश्य हद्द ओलांडली की माल पोहोचल्याची नोंद आपोआप होते. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार उपग्रहाधारित यंत्र बसवलेल्या वाहनाला दिवसाला २० किलोमीटरपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे प्रत्यक्ष अंतरानुसार आकारणी होऊ शकते. १ मे २०२५ पासून देशभर अशी टोलवसुली सुरू करण्याचा निर्णय झालेला नाही, हे केंद्रीय मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केले. पण ती जेव्हा येईल तेव्हा वाहन महामार्गावर होते की त्याला लागून असलेल्या सेवा रस्त्यावर, हा प्रश्न पैशांचा होईल. दोन्ही रस्त्यांमधील अंतर काही मीटरचेच असते.

म्हणून यंत्राची अचूकता तपासताना ती कुठे आणि केव्हा तपासली, हे विचारायला हवे. युरोपातील दुपारी उत्तम चाललेले यंत्र ऑक्टोबरमधील संध्याकाळी चाकणला तसेच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. शेडवरून परावर्तित होणाऱ्या संकेतांची चूक जागेनुसार बदलते, आयनांबराची चूक वेळ, ऋतू आणि सौरचक्रानुसार. त्याच जागी उभ्या ट्रकचा ठिपका दिवसभर नोंदवून ठेवला, तर दोन्हींतील फरक बऱ्याच अंशी ओळखता येतो.

चाकणच्या कोणत्याही कारखान्यात ड्रॉइंगवरचे माप बरोबर आहे म्हणून पार्ट पास होत नाही. तो मोजावा लागतो. मोजमापात फरक आला की ड्रॉइंग, यंत्र आणि मोजपट्टी तिन्हींकडे पाहतात. अलिबाग, कोल्हापूर, खोडद आणि गादंकी येथील उपकरणे आयनांबराबाबत हेच काम करत आहेत. ट्रॅकरमधील मॉडेल सुधारायचे, तर ही मोजमापे वर्षानुवर्षे खंड न पडता सुरू राहणे, हीच त्याची पहिली अट आहे.